आत्याची गोळी
आज आत्याला घेऊन पॅलिएटिव्ह केअरच्या (दुखणे आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) ओपीडीत गेलो होतो. कर्करोग हाडांत पसरल्यापासून तिला रात्रीची झोप नाही, तरीही डॉक्टरांनी मॉर्फिनचे, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाचे, नाव काढताच ती म्हणाली, "म्हणजे अफूच ना ती? मला व्यसन लागेल."

डॉक्टरांनी न चिडता समजावले. मेंदूत आणि मज्जारज्जूत शरीराची स्वतःची एंडॉर्फिन्स (नैसर्गिक वेदनाशामके) पेशींवरच्या ज्या रिसेप्टरांवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात, तिथेच मॉर्फिन बसते आणि वेदनेचा संदेश क्षीण करते. साध्या गोळीचा परिणाम सुमारे 4 तास टिकतो, म्हणून कळ येण्याची वाट न पाहता ती घड्याळाप्रमाणे घ्यायची. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत पाठ सोडत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच. (आत्याला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली.) मात्रा प्रमाणाबाहेर गेली, किंवा सोबत दारू वा मनाने झोपेची गोळी घेतली, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते, आणि औषध एकदम बंदही करायचे नाही.

1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळणे फार अवघड करून ठेवले होते. 2014च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली. तरीही ज्या देशात मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचला अफूची कायदेशीर शेती होते, तिथे गोळ्यांच्या एका पाकिटासाठी आम्हाला 70 किलोमीटर यावे लागले, याचा मला राग आला.

परतताना आत्या गाडीत गाढ झोपली होती.