युरेनस सापडला तेव्हा तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता

ब्रिस्टलहून बाथ ट्रेनने जेमतेम पाव तासावर, त्यामुळे देशातून पाहुणे आले की आमची एक चक्कर ठरलेली. रोमन स्नानगृहं सगळेच बघतात. मी त्यांना १९, न्यू किंग स्ट्रीटवरही ओढून नेते. विल्यम हर्शलचं घर. १३ मार्च १७८१ च्या रात्री इथल्याच परसातून त्याला युरेनस दिसला.

तेवढं शाळेत शिकलेलं असतं. पण तेव्हा त्याचं पोट चालायचं ते संगीतावर; चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा तो. आपल्या संगीत नाटकातला पायपेटीचा ऑर्गन नव्हे हं, उंचच उंच नळ्यांचा, चर्चमधला.

हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, लष्करी बँडमध्ये ओबो, म्हणजे सनईसारखं वाद्य, वाजवणारा. युद्धाच्या धामधुमीत १७५७ मध्ये इंग्लंडला आला आणि सुरुवातीला लंडनमध्ये स्वरलिपीच्या नकला करून दिवस काढले. मग उत्तरेत भटकंती, शिकवण्या, आणि त्यातच सिम्फन्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, लिहिणं. एकूण २४ लिहिल्या. हॅलिफॅक्सच्या चर्चने १७६६ मध्ये ऑर्गनवादक निवडायला स्पर्धा ठेवली, तेव्हा याने म्हणे शिशाचे दोन तुकडे आणले. एक सगळ्यात खालच्या पट्टीवर ठेवला, दुसरा तिच्या वरच्या सप्तकात. खर्ज आपोआप घुमत राहिला, दोन्ही हात मोकळे! नोकरी मिळाली, पण त्याच वर्षी तो बाथच्या ऑक्टॅगन चॅपलकडे वळला. तिथे बसायच्या जागा भाड्याने, बड्यांसाठी शेकोटीची सोय. देवाच्या दारी व्हीआयपी रांग आपल्याला काही नवी नाही.

१७७२ मध्ये त्याने बहीण कॅरोलिनला आणलं, गाणं शिकवलं. ती छान गाऊही लागली. पण घरात दुर्बिणींचा कारखाना सुरू झाला. दुर्बिणीचे आरसे ओतायच्या साच्यांसाठी घोड्याची लीद कुटून चाळायची, ती हिने. धातूचा आरसा घासताना मध्येच हात उचलायची सोय नाही; एकदा तर सोळा तास घासणं चाललं, तेव्हा भावाला घास भरवले तेही हिनेच. ओतकामात सांडलेल्या तप्त धातूने तडकलेल्या फरश्या आजही तिथे दिसतात.

१७८२ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने वर्षाला २०० पौंड देऊ केले. संगीतात याहून जास्त सुटत होते, तरी गड्याने ते घेतले आणि बाथ सोडलं. कॅरोलिनने पुढे धूमकेतू शोधले, १७८७ पासून तिलाही ५० पौंड मिळू लागले. गाणं मात्र बाथलाच सुटलं. तिने त्याआधी बर्मिंगहॅमचं गायनाचं आमंत्रण नाकारलं होतं: भाऊ संचालन करणार नसेल तर गायचं नाही म्हणून. मला आजही वाटतं, बाईने जायला हवं होतं.