कबुतराला एकच पत्ता पाठ असतो

बेल्जियमला येण्याआधी इथल्या पावसाबद्दल सगळ्यांनी बजावलं होतं, कबुतरांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. आमच्या शेजारच्या आजोबांच्या परसात लाकडी ढाबळ आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी त्यांच्याकडे कुणी फिरकायचं नाही, कारण ट्रकमधून फ्रान्सला गेलेली त्यांची कबुतरं शर्यत उडून घरी यायची असतात.

आभाळात ठिपका दिसला की आजोबा दाण्यांचा डबा खुळखुळवतात. कधी कधी एखादा शहाणा इतक्या लांबून उडून येतो आणि ऐनवेळी कौलांवर बसून पिसं साफ करत राहतो. तो फळीवर उतरून पायातल्या कड्यातली चिप नोंदली जात नाही तोवर वेळ मोजली जात असते, त्यामुळे आजोबांचा जीव नुसता टांगणीला. नर लवकर परतावेत म्हणून त्यांना आठवडाभर मादीपासून वेगळं ठेवतात आणि निघताना तिचं तेवढं दर्शन घडवतात. दुष्टपणाच म्हणायचा, पण युक्ती लागू पडते.

कबूतर चिठ्ठी घेऊन सांगाल तिथे जातं, अशी आपली समजूत असते. ते कुठेही जात नाही, फक्त घरी येतं. म्हणजे ज्याला निरोप हवा त्याची कबुतरं आधी निरोप धाडणाऱ्याकडे नेऊन ठेवायची. आणि एकदा सोडली, की पुन्हा तीच हमाली.

या हमालीवर एका माणसाने धंदा उभा केला, तोही इथेच. १८५० साली पॅरिसची तार ब्रसेल्सपर्यंत यायची आणि बर्लिनची जर्मन सीमेवरच्या आखेनपर्यंत. मधल्या पट्ट्यात तारच नव्हती. पॉल ज्युलियस रॉयटर आखेनची कबुतरं रेल्वेने ब्रसेल्सला पाठवायचा आणि शेअरबाजाराचे भाव त्यांच्याबरोबर परत मागवायचा. गाडीला सहाएक तास लागत, कबुतराला दोन. तारेचा दुवा जुळला तसा हा उद्योग आटोपला, रॉयटर लंडनला गेला आणि पुढे त्याच्या नावाची वृत्तसंस्था जगभर पसरली.

१८७०-७१मध्ये जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा पॅरिसकरांनी तर आपली कबुतरं बलूनमधून बाहेर काढली. बाहेरच्यांनी हजारो संदेश इवल्याशा फिल्मवर उतरवून ती परत सोडली. थंडी, धुकं आणि ससाण्यांपुढे बहुतेक टिकली नाहीत.

मला सगळ्यात थरारक वाटते ती दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. १९४१पासून ब्रिटिशांनी जर्मनव्याप्त युरोपात सुमारे १६,००० कबुतरं छोट्या पॅराशूटने टाकली. डब्यात कबूतर, पातळ कागद, पेन्सिल आणि प्रश्नावली: तुमच्या भागात सैन्य किती, तोफा कुठे? शेतकऱ्याला सकाळी शेतात हा डबा सापडायचा. जर्मनांच्या हाती लागलात तर जीवच जायचा. काहींनी ते कबूतर सरळ शिजवून खाल्लं (युद्धातली उपासमार, नावं कशाला ठेवा), पण इथल्याच, बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या एका गटाने सूक्ष्म अक्षरात नकाशांसकट माहिती भरून पाठवली आणि ती लंडनला पोचलीसुद्धा. एकूण कबुतरांतलं दहातलं एखादंच परतलं.

आपल्या ओडिशा पोलिसांनी १९४६मध्ये सुरू केलेल्या कबुतर टपालातही बेल्जियन जातीचीच कबुतरं होती. १९९९च्या चक्रीवादळात दळणवळण कोलमडलं, तेव्हा ती कामी आली.

आता निरोपांचं काम उरलं नाही, शर्यती उरल्या आहेत, आणि पैसा अचाट. २०२०मध्ये ‘न्यू किम’ नावाची इथली मादी १६ लाख युरोंना एका चिनी माणसाने लिलावात घेतली. एवढी किंमत दिली तरी तिला उडवणार नाहीत, फक्त पिल्लांसाठी ठेवणार. आजोबांना विचारलं तर म्हणाले, मोठं झालेलं कबूतर कितीही पैसे मोजून घ्या, मोकळं सोडलंत की ते जुन्या मालकाचंच घर शोधायला निघणार.