फ्रँकफर्टचे टॉवर पायापासून पाहताना

जर्मनीतल्या उंच इमारतींची यादी काढली की वरचे सगळे नंबर एकाच गावात निघतात. फ्रँकफर्ट. कॉमर्झबँक टॉवर 259 मीटर (1997), मेसेटुर्म 257 च्या आसपास (1991), अलीकडे उभा राहिलेला फोर संकुलातला पहिला टॉवर 233, वेस्टेंडश्ट्रासे 1 हा 208 (1993), मग 200 मीटरचा माइन टॉवर (1999). कॉमर्झबँकवरचा अँटेना धरला तर आकडा 300 वर जातो, पण अँटेना इमारतीच्या उंचीत धरत नाहीत. बर्लिनचा टीव्ही मनोरा 368 मीटरचा असूनही या यादीत का नाही, तर त्यात राहण्या-वापरण्याचे मजले एकावर एक नाहीत; तो मनोरा आहे, इमारत नाही. म्युनिकने 2004 साली लोकांचा कौल घेतला आणि तिथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यांवर, म्हणजे साधारण 100 मीटरवर, रेघ ओढली. कौल थोडक्यात पास झाला, कायद्याने वर्षभरच बांधील होता, तरी त्याचा वचक पुढे बरीच वर्षे राहिला. हॅम्बर्गचा एल्बटॉवर 245 मीटरचा व्हायचा होता. ऑक्टोबर 2023 मध्ये पैशांअभावी काम थांबलं तेव्हा तो जेमतेम 100 मीटरवर होता.

उंचीची गोष्ट इथेच संपते. खरा मामला जमिनीखाली आहे. नागपुरात काळ्या मातीवर घर बांधलेल्या कुणालाही तो लगेच कळेल.

फ्रँकफर्टमध्ये वरचे काही मीटर भराव, वाळू आणि रेती. त्याखाली घट्ट चिकणमाती, तिच्यात मधूनमधून चुनखडकाचे पातळ थर, आणि त्या थरांत दाबाखाली अडकलेलं पाणी. ही माती हातात घेतली तर चांगली कडक लागते. पण तिच्यावर दोनशे मीटरचा टॉवर ठेवला की ती वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहते. शहराच्या मध्यभागी साधारण 40 मीटर खाली चुनखडक लागतो. मेसेच्या, म्हणजे प्रदर्शन मैदानाच्या बाजूला मात्र माती त्याहून कितीतरी खोल गेली आहे. एकाच गावातले दोन सर्वांत उंच टॉवर इतके वेगळे का बांधले, त्याचं उत्तर या एका फरकात आहे.

सुरुवातीचे टॉवर नुसत्या राफ्टवर उभे केले. राफ्ट म्हणजे अख्ख्या इमारतीखाली एकच जाड काँक्रीटचा स्लॅब. डॉइशे बँकेचे 155 मीटरचे जुळे टॉवर असेच आहेत. ते 10 ते 22 सेंटिमीटर खाली बसले. इमारत सगळीकडून सारखी बसली तर त्रास कमी. पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप जिथे आत शिरतात तिथे लवचीक सांधे ठेवायचे, पायऱ्यांची पातळी आधीच थोडी वर धरायची, की भागलं. पण एक बाजू जास्त बसली की इमारत कलते. शिवाय टॉवरला चिकटून बुटकी इमारत असेल तर टॉवर जातो खाली आणि ती राहते जागेवर, मधला सांधा फाटतो. म्हणून डॉइशे बँकेच्या कामात हा फरक सावरून घ्यायला हायड्रॉलिक जॅक बसवले होते.

कलण्याचा हिशेब सोपा आहे. मेसेटुर्मचा राफ्ट चौरस आहे, बाजू 58.8 मीटर. समजा एक कड दुसरीपेक्षा 5 सेंटिमीटर जास्त बसली. 257 ला 58.8 ने भागा, साधारण 4.4 येतात, म्हणजे शेंडा जवळजवळ 22 सेंटिमीटर बाजूला सरकला. रस्त्यावरून हे डोळ्यांना दिसणार नाही. लिफ्टला मात्र लगेच कळतं, कारण तिचे मार्गदर्शक रूळ मिलिमीटरच्या हिशेबाने ओळंब्यात लावलेले असतात.

यावर तिथल्या इंजिनिअरांनी काढलेला तोडगा म्हणजे राफ्ट आणि पाइल यांची जोडी. पाइल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब. आपल्याकडे पाइल म्हटलं की सगळं वजन पाइलवर आणि वरची कॅप, म्हणजे पाइलची डोकी जोडणारा स्लॅब, फक्त बांधून ठेवायला, असं धरतात. इथे तसं नाही. वजनाचा मोठा वाटा राफ्ट थेट मातीवर देतो आणि उरलेला पाइल घेतात. पाइल इथे ब्रेकसारखे वापरलेत: इमारतीला बसू द्यायचं, पण किती आणि कुठे ते आपण ठरवायचं. 1980 च्या दशकात मेसेच्या टोरहाउस या इमारतीखाली हा प्रकार जर्मनीत पहिल्यांदा केला, दोन राफ्ट आणि प्रत्येकाखाली 42 पाइल. मग धीर आला आणि मेसेटुर्म झाला.

मेसेटुर्मखाली 1.3 मीटर व्यासाचे 64 पाइल आहेत, तीन वर्तुळांत. बाहेरच्या वर्तुळात 28, लांबी 26.9 मीटर, मधल्यात 20, लांबी 30.9, आतल्यात 16, लांबी 34.9. आतले लांब का? मोठा राफ्ट मातीवर ठेवला की मध्यभाग जास्त बसतो आणि स्लॅबला ताटलीसारखा खोलवा येतो. मध्ये लांब पाइल घातले की तो सपाट राहतो, त्यामुळे सळई कमी लागते. राफ्टही त्याच विचाराने कडेला 3 मीटर आणि मध्ये 6 मीटर जाड ठेवलाय. नुसत्या राफ्टवर हा टॉवर याच्या दुप्पट-तिप्पट बसला असता. प्रत्यक्षात सुमारे 13-14 सेंटिमीटर बसला. त्यातलाही काही भाग शेजारी भुयारी रेल्वेसाठी भूजल उपसल्यामुळे वाढला. पाणी उतरलं की मातीच्या कणांवरचा भार वाढतो आणि ती आणखी दबते. इमारतीचं काम चोख होतं, शेजारचा पंप नडला.

या राफ्टचं काँक्रीट एका दमात ओतलं: सुमारे 17,000 घनमीटर, 78 तास, मध्ये खंड नाही. थांबलो आणि खालचा थर आवळला तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये न जुळलेला सांधा, पडतो. तिथून पाणी झिरपतं आणि ताकदही जाते. ताशी 218 घनमीटर म्हणजे आपल्या नेहमीच्या 6 घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरने दर 100 सेकंदांनी एक गाडी खाली करावी लागेल, तीन दिवस-रात्र आणि वर सहा तास. दुसरा धोका उष्णतेचा. सिमेंट आवळताना तापतं, सहा मीटर जाडीच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला फार वेळ घेते, आणि पोट गरम व पाठ थंड झाली की पृष्ठभाग तडकतो. अशा कामाला स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेलं, कमी तापणारं सिमेंट वापरतात आणि वरून झाकून ठेवतात. लोक इथे घाईने गार पाणी मारतात. ते उलटं आहे. पाठ आणखी थंड होते आणि भेगा वाढतात. नागपुरात मे महिन्यात 45 अंशांत जाड राफ्ट ओतायचा असेल तर रात्री ओता, पाण्यात बर्फ टाका, खडी सावलीत ठेवा.

आता कॉमर्झबँक. नॉर्मन फॉस्टरचं डिझाइन, तिकोनी आकार, मध्ये पोकळ, वळणावळणाने वर जाणाऱ्या बागा, उघडता येणाऱ्या खिडक्या. हे सगळं सगळीकडे वाचायला मिळतं. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की अगदी शेजारी बँकेचीच जुनी 103 मीटरची इमारत राफ्टवर उभी होती. नवा टॉवर 13 सेंटिमीटर बसला असता तर जुनीलाही आपल्याकडे ओढून घेतली असती. म्हणून इथे राफ्ट-पाइलची तडजोड केलीच नाही. 111 पाइल, 48.5 मीटरपर्यंत खोल, माती ओलांडून थेट चुनखडकात. टॉवर जेमतेम 2 सेंटिमीटरच्या आसपास बसला. खर्च अर्थात जास्त. माझ्या मते त्या बागांपेक्षा हे काम जास्त कौतुकाचं आहे, पण जमिनीखालच्या कामाचे फोटो कोण काढतो.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्टचा कातळ आहे, सीताबर्डीचा किल्ला त्याच्याच टेकडीवर बसलाय. पूर्वेकडे गेलं की खडकाची जात बदलते. वर काळी माती, मग मुरूम, मग कातळ. आपली काळी माती दबण्यापेक्षा फुगते आणि आक्रसते: पावसाळ्यात वर उचलते, उन्हाळ्यात भेगाळते. गंमत म्हणजे वजनदार इमारतीला तिचा त्रास कमी, कारण तिचा पाया कातळापर्यंत जातोच. मरण असतं एकमजली घराचं, कंपाउंड वॉलचं आणि पोर्चच्या फरशीचं. त्यांचं वजन इतकं कमी की माती त्यांना सहज उचलते. अशा हलक्या बांधकामाला अंडर-रीम्ड पाइल चांगला. त्याचा खालचा फुगा साधारण दांड्याच्या अडीचपट व्यासाचा करतात आणि माती जिथे वर्षभर हलत नाही तिथपर्यंत, म्हणजे बहुधा साडेतीन-चार मीटर, खाली नेतात. वरचा बीम मातीला टेकवायचा नाही, खाली मोकळी जागा ठेवायची. ही मोकळी जागा मिस्त्री हमखास भरून टाकतो.

नागपुरात बेसा किंवा मनीषनगरच्या बाजूला एखाद्या उंच स्कीममध्ये फ्लॅट घेताना बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट मागा आणि बोअरहोल किती, ते मारले कुठे, एवढं आधी पाहा. इमारतीच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये असतील तर ठीक. एकाच कोपऱ्यात दोन मारून अख्ख्या प्लॉटचा निकाल लावलेला असेल तर कातळ दुसऱ्या टोकाला किती खोल आहे हे कुणालाच माहीत नाही. मग बोअर कातळात शिरून किती मीटर आत नेला ते बघा. कातळ लागला लागला म्हणत वरच्या सुट्या दगडावर थांबलेले बोअर असतात. पाण्याची पातळी कुठल्या महिन्यात मोजली तेही बघा. एप्रिलमधली पातळी तळघराच्या वॉटरप्रूफिंगसाठी काही कामाची नाही, सप्टेंबरची लागते. आणि शेजारच्या प्लॉटवर तळघर खोदताना पंप लावलेला दिसला तर आपल्या भिंतीवर दोन खुणा करून, वर तारीख लिहून ठेवा, म्हणजे भिंत हलली तर कळेल.