पंचेचाळीस दिवसांत पेमेंट

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग, जॉबवर्क करतो. माल वेळेत जातो पण पैसे यायला चार चार महिने, फोन केला की "साहेब मीटिंगमधे आहेत". म्हणून इन्कम टॅक्सचं कलम ४३बी (एच) आलं तेव्हा खरंच आनंद झाला. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, पण कर आकारणी आधीच्या वर्षाच्या हिशोबावर होते, म्हणजे २०२३-२४ च्या हिशोबापासूनच. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर माल घेणाऱ्याला टॅक्सच्या हिशोबात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी धरायचा.

२०२४ च्या मार्चमधे, वर्ष संपायच्या आत, एका पार्टीने ऑगस्टपासून अडकलेली तीन बिलं एका दिवसात क्लिअर केली, बायको बँकेचा मेसेज दोनदा वाचत होती! दुसऱ्या एकाने मात्र सरळ सांगितलं, उद्यम रजिस्ट्रेशन (लघु उद्योग असल्याची सरकारी नोंदणी, तिच्यावरच हा नियम लागतो) कॅन्सल करा नाहीतर ऑर्डर बंद. मी नाही केलं. ऑर्डर गेली, वाईट वाटलं, पण कागद हातचा सोडायचा नाही.

आणि हो, नुसती मालाची ट्रेडिंग करणाऱ्यांच्या आणि मध्यम उद्योगांच्या बिलांना हे लागू नाही, हे बऱ्याच जणांना माहितच नसतं. बाकीच्यांनी बिलावर उद्यम नंबर छापून घ्याच. उशीर झाला तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज मागता येतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ, त्यासाठी सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर अर्ज करा.