वजाबाकीचा नाश्ता

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, इन्व्हर्नेसच्या थोडं अलीकडे, एका घरगुती मुक्कामाला आम्ही बापलेक संध्याकाळी पोचलो. तिकडे याला बी अँड बी म्हणतात. रात्री पाठ टेकायला खाट आणि सकाळी नाश्ता, पैसे दोन्हींचे मिळून. खोलीत चहाची किटली, बशीत दोन बिस्किटं आणि शेजारी एक छापील कार्ड. सकाळी काय खाणार त्यावर खुणा करायच्या आणि झोपण्याआधी कार्ड जिन्यातल्या टेबलावर ठेवायचं. माझी सगळी नोकरी बँकेत लोकांकडून फॉर्म भरून घेण्यात गेली. त्यामुळे फॉर्म दिसला की मला बरं वाटतं. चष्मा लावून बसलो.

बेकन. सॉसेज. आणखी एक चौकोनी सॉसेज, त्याचं नाव लॉर्न. ब्लॅक पुडिंग हे नाव वाचून माझी जीभ चाळवली, तेवढ्यात लेकीने सांगितलं की ते रक्त आणि ओट कालवून केलेलं असतं. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज आणि फुप्फुस. मग अंडी, तीन तऱ्हेची. शेवटी टोमॅटो, मश्रूम, बीन्स, टोस्ट आणि टॅटी स्कोन नावाची बटाट्याची चपटी पोळी.

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात शाकाहारी नाश्त्याची वेगळी चौकट होती. मोठ्या आशेने वाचली. अंडी, टोमॅटो, मश्रूम, बीन्स, टोस्ट. वरच्याच यादीतलं मटण खोडून उरलेलं खाली लिहिलं होतं. मी अंडं खात नाही. लेक गेली काही वर्षं व्हेगन आहे, म्हणजे अंड्याबरोबर दूध, दही, लोणी, मधही बाद. त्या टॅटी स्कोनमध्येही लोणी निघालं. खोडत खोडत आमच्या दोघांच्या पदरात अर्धा अर्धा टोमॅटो, चार चार मश्रूम, बीन्स आणि कोरडा टोस्ट राहिला. दर मात्र पूर्ण. या अशा ताटाला मी तेव्हापासून वजाबाकीचा नाश्ता म्हणतो. परदेशात ठिकठिकाणी तो मिळतो, आणि आपल्याकडेही मिळतो, पण ते पुढे सांगतो.

लेक अशा वेळी चिडत नाही. जाण्याआधी आठ दिवस मेल करून ठेवते, पुन्हा आदल्या दिवशी आठवण करते, आणि तरीही पिशवीत दाण्याचे लाडू बाळगते. मी तिला म्हणालो, "आपण पैसे मोजतोय, मग एवढं मिंधं होऊन कशाला विचारायचं?" ती म्हणाली, "बाबा, बाई एकटी सहा जणांचं करते. माझ्या एकटीसाठी वेगळं दूध आणून ठेवायचं म्हणजे उरलेलं फुकट." तिचं खरं होतं. पण माझ्या मनातलं हलेना. वेगळं काही नको, चार पदार्थ नकोत. स्वतःचं नाव असलेला एक पदार्थ असावा. दुसऱ्याच्या ताटातून काय काय काढलं एवढीच ज्याची ओळख, असा नसावा.

ही अपेक्षा माझ्यात आली ती गावाकडून. आमचं गाव कराडच्या बाजूचं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घराघरात मटण शिजतं, पै-पाहुणे येतात, रस्सा भुरकून नाकातोंडातून पाणी काढतात. पण पंढरीची वारी करणारे, गळ्यात तुळशीची माळ असलेले माळकरीही त्याच गावात, त्याच भावकीत. माळ घातली की मटण-मासे बंद. त्यांना कुणी टोमॅटो आणि कोरडी भाकरी वाढत नाही. त्यांची आमटी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, तिची पळी वेगळी. ती पळी चुकून रश्श्यात बुडाली तर कर्त्या बाईने कपाळाला हात लावून पातेलंच बदललेलं मी पाहिलंय. माझ्या वडलांनी मी शाळेत असताना माळ घातली. घरात मटण शिजणं थांबलं आणि माझी सवय गेली ती गेलीच. मी माळ घातलेली नाही, तरी जत्रेला माझं ताट आपोआप तिकडच्या पंगतीत जातं. तिथे कुणी कारण विचारत नाही. 'माळकरी हाय' एवढं पुरतं.

आणि वजाबाकीचं म्हणाल तर आपल्याइतकी कठोर वजाबाकी कुणी करत नसेल. उपवासाचंच बघा. गहू नाही, तांदूळ नाही, डाळी नाहीत, कांदा-लसूण नाही, हळद नाही, मोहरी नाही. जिरं कुणाकडे चालतं, कुणाकडे नाही, आणि कोथिंबिरीवरून तर सासवा-सुनांची आयुष्यं गेली. एवढं सगळं काढल्यावर खरं तर पाण्याचा पेला उरायला हवा. उरते ती साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या चकत्या, वरून शिंगाड्याचा शिरा. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. एकादशीला कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलच्या दारात फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, 'उपवासाचे पदार्थ मिळतील'. गिऱ्हाइकाला आठ दिवस आधी मेल करावा लागत नाही. 'थोडा कांदा चालेल का' असंही कुणी विचारत नाही.

तर ती रात्र. कार्डावर खुणा केल्या, ठेवलं, झोपलो. सकाळी जेवणघरात बसतो न बसतो तोच घरमालकीण पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुसत आली. वय साठीच्या पुढचं, चेहरा ओशाळलेला. तुमचं कार्ड बघून रात्री मला वाईट वाटलं, म्हणाली. हॅगिसचा शाकाहारी प्रकार मिळतो, पण आणायला विसरले. (तो खरंच मिळतो. एडिंबरोच्या मॅकस्वीन या खाटीक घराण्याने 1984 साली, तिथल्या कवितेच्या ग्रंथालयाच्या उद्घाटनासाठी तो पहिल्यांदा केला. आत डाळी, ओट, भाज्या. पुढे एडिंबरोत आम्ही खाल्ला. मिरं चांगलं सणसणीत होतं. कवींसाठी खाटकाने भाजी शिजवली ही गोष्ट मला त्या पदार्थापेक्षाही रुचकर वाटते.) मग घुटमळत ती म्हणाली, "पॉरिज आहे. पण मी आपली जुन्या पद्धतीने करते. नुसतं पाणी आणि मीठ. दूध-साखर घालत नाही. चालेल का?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी लेकीकडे.

ज्या गोष्टीची ती माफी मागत होती तीच आम्ही दोन दिवस शोधत होतो. वाडगे आले. वाफाळती, दाट, खारट लापशी. पहिला चमचा तोंडात गेला आणि मला सरळ माझ्या आजीच्या कण्या आठवल्या. ज्वारी भरडून, पाण्यात मीठ टाकून रटरट शिजवलेल्या. तीच चव नव्हे, पण तोच स्वभाव. तिथून जवळच कारब्रिज नावाचं खेडं आहे. तिथे 1994 पासून पॉरिज रांधायची जागतिक स्पर्धा भरते. मूळ प्रकारात ओट, पाणी आणि मीठ याखेरीज काही घालायला मनाई. जिंकणाऱ्याला मिळतो सोनेरी स्पर्टल. स्पर्टल म्हणजे पॉरिज ढवळायचा लाकडी दांडका. त्या मुलखाचा जुना नाश्ता व्हेगन होता, आणि कार्डावर त्याला जागाच नव्हती. घरात रोज होतं ते पाहुण्यापुढे काय ठेवायचं, असं तिला वाटलं असणार. गांधीजी 1888 साली लंडनला शिकायला गेले तेव्हा त्यांच्या घरमालकिणीलाही या माणसाला काय वाढावं ते कळत नसे. दुपारी आणि रात्री ते अर्धपोटी राहायचे. सकाळची ओटची लापशी तेवढी पोटाला आधार द्यायची. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी खानावळ सापडली तेव्हा कुठे पोटभर जेवले.

व्हेगन हा शब्दही तिकडचाच. लेस्टरमध्ये सुतारकाम शिकवणाऱ्या डोनाल्ड वॉटसन नावाच्या मास्तरांनी 1944 साली तो घडवला. 'व्हेजिटेरियन'चं डोकं आणि शेपूट ठेवलं, मधलं तासून टाकलं. सुतारच ते.

आता आपल्याकडचं सांगतो, कारण इतका वेळ मी फार साळसूदपणे बोललो. लेक एप्रिलमध्ये आली तेव्हा जत्रेआधी दोन दिवस महाबळेश्वरला गेलो. हॉटेल मोठं. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पदार्थांची रांग अशी की शेवट दिसेना, आणि जवळजवळ सगळ्यावर हिरवा ठिपका. मी ऐटीत म्हणालो, "खा आता पोटभर." ती ताटली घेऊन गेली आणि रिकामी परत आली. उपमा तुपातला. डोशावर लोणी फासलेलं. थालीपिठावर लोण्याचा गोळा, शिऱ्याचं तर विचारूच नका. चहा दुधाचा. तिथल्या मुख्य आचाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "व्हेगन, म्हणजे जैन ना सर?" मी म्हटलं, "नाही हो. तूप नको तिला." त्याचा चेहरा पडला. "तूप एकदम शुद्ध आहे सर. गाईचं!"

मला हसू आलं, पण पुरतं हसवेना. लेक पहिल्यांदा व्हेगन होऊन घरी आली तेव्हा वरणावर चमचाभर तूप सोडून, 'एवढंसं कळतंय का तिला' असं मीच बायकोला हळूच म्हणालो होतो. तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही, भातावर वरण न घेता उठली. परदेशात कुणी मला 'बेकनच्या तेलात परतलंय, तुकडा नाही हो त्यात' म्हटलं असतं तर मी गावभर सांगत फिरलो असतो.

शेवटी त्या हॉटेलात तिला कांदेपोहे मिळाले. रांगेच्या टोकाला, साध्या भांड्यात, पाटीसुद्धा नव्हती. शेंगदाणा तेलाची फोडणी, वरून खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड. दोन ताटल्या खाल्ल्या तिने. बरोबर कोरा चहा मागितला तर पोऱ्याने विचारलं, "पोट बिघडलंय का ताई?" खरं तर आपली निम्मी न्याहारी अशीच, नाव न लावता व्हेगन आहे. पोहे, इडली-सांबार, दही न घेता मिसळ. कोकणात गेलात तर घावन, आंबोळी, आणि नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. हे सगळं शिजवणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं, त्या पॉरिजवाल्या बाईसारखं. नवीन काही रांधू नका, पाटीवर तेल की तूप तेवढं लिहा, बस्स. एवढी मोठी रांग मांडणाऱ्याकडून ही अपेक्षा करायला मला लाज वाटत नाही. सहा पाहुण्यांचं एकटीने करणाऱ्या बाईकडून करायला मात्र वाटते.

महाबळेश्वराहून गावी आलो. जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या वहिनी चुलीपुढे भाकरी थापत बसल्या होत्या. लेक शेजारी पाटावर. वहिनींनी दह्याचं भांडं पुढे सरकवलं, तिने हात आडवा केला.

"का गं? माळ घातलीस व्हय?"

"तसंच काकी, पण दूध-दही पण नाही खात. लोणी, तूप, काहीच नाही."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. मास्तर, 1944, सगळं जिभेवर आलं होतं. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली, काठवटीतलं पीठ हाताला लावलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मग त्या बरणीतली शेंगदाण्याची चटणी दे तिला. आन तेल घाल वर, हात आखडू नगं."