मुक्कामावरची वारी

वाळवंटी नदीच्या काठावरचे विठ्ठलापूरचे देऊळ म्हणजे गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी या दोन तालुक्यांचे पंढरपूर. आषाढीला प्रत्यक्ष पंढरीला जाणे ज्यांना जमत नाही ते इथे येतात, आणि आमच्यासारखे जे पायी जातात तेही आधी इथल्या विठोबाला सांगूनच निघतात. ज्येष्ठात निघालेली आमची दिंडी केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी करीत बेळगाव गाठते आणि तिथून पुढे देशाची वाट धरते. डोक्यावर तुळस घेऊन ही वाट मी बरीच वर्षे चालते आहे. एवढ्या काळात गावातली बाई कशी बदलली हे सांगायचे, तर चालण्यापेक्षा मुक्कामाबद्दल सांगायला हवे.

चालताना सगळेच माउली असतात. वयाने आणि मानाने मोठा पुरुषही वाटेत भेटला की माझ्या पायांना हात लावतो आणि मी त्याच्या. गावात हे कुणी करणार नाही, वाटेवर ते सहज घडते. मुक्कामाला पोहोचलो की मात्र घरची रीत आमच्या मागोमाग तिथे हजर व्हायची. तितकेच अंतर चाललेले पुरुष देवळाच्या मंडपात पाठ टेकायचे, आणि तितक्याच चाललेल्या बायका टेंपोतून टोप आणि शेगड्या उतरवून, ओल्या लुगड्यानिशी भाजी चिरायला बसायच्या. तसे कुणी सांगितलेले नव्हते. सांगण्याची गरजच पडत नसे.

मुळात बायका असायच्याही थोड्या. हे दिवस तरवा काढण्याचे आणि लावणीचे. घरचा पुरुष वारीला गेला तरी भागत असे, पण लावणी करणारी गेली तर वर्षाचे भात जाई. आमच्या खाणपट्ट्यात हे गणित पालटले. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. खाणीच्या गाळाने भरलेली कित्येक शेते तर त्याच्या आधीच पडीक झाली होती. मग होंडा, पिसुर्ले इथल्या कारखान्यांत सुना कामाला जाऊ लागल्या आणि काही घरे तर त्यांच्याच पगारावर तगली. त्यातच २०१२ साली सुरू झालेल्या गृह आधार योजनेचे पैसे थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. महिन्याचे १५०० रुपये ही रक्कम मोठी नव्हे, पण दिंडीची भिशी भरण्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरणे त्यामुळे थांबले. बायकांची संख्या वाढली ती अशी. शेत पडीक पडल्यामुळे बाई वारीला मोकळी झाली, याचा निव्वळ आनंद मला मानता येत नाही.

केरीचा मुक्काम मला विशेष आठवतो. तिथल्या एका घरी दिंडीचे स्वागत वर्षानुवर्षे होते. घरची काकी विधवा, त्यामुळे वीणेकऱ्यांना ओवाळायला सून पुढे येई आणि ज्यांच्या श्रद्धेमुळे हे स्वागत टिकून आहे त्या काकी दाराआड उभ्या राहत. एका वर्षी सुनेने आरतीचे ताट सासूच्या हातात दिले. काकी मागे सरल्या. म्हणाल्या, "अगो, मला कुठे पुढे करतेस? लोक काय म्हणतील?" आमचे वीणेकरी बाबा सत्तरीच्या पुढचे, जुन्या वळणाचे. त्यांनी वीणा छातीशी धरली आणि म्हणाले, "माउली, तुम्ही ओवाळल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही." पाऊस सुरू झाला होता, आम्ही सगळे अंगणात भिजत होतो, आणि कुणीही घाई केली नाही. काकींचा हात थरथरत होता, तरी त्यांनी तीन वेळा ओवाळले आणि बाबांच्या कपाळाला बुक्का लावला.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पुढे गोव्यातल्या काही पंचायतींनीही ती वाट धरली. ठराव असायला हवेतच. पण ते अमलात येतात अशाच एखाद्या अंगणात, आणि तिथे ताट पुढे करणारी सून लागते, तसेच थांबून राहणारे बाबाही लागतात.

केरीच्या त्याच मुक्कामी रात्री स्वयंपाकाचाही प्रश्न निघाला. कारखान्यात काम करणाऱ्या दोघी-तिघी हरिपाठ संपल्यावर जागच्या उठल्याच नाहीत. त्यांतली एक शांतपणे म्हणाली, "कारखान्यात आमच्या शिफ्ट लागतात, तशा इथेही लावूया." थोडी कुरबूर झाली, एक गृहस्थ रागाने जेवलेही नाहीत. पण वही आली, नावे लिहिली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून टाळकरी कांदे चिरू लागले. आज नव्याने आलेल्या पोरांना ही रीत पहिल्यापासूनचीच वाटते.

चोर्ला घाट चढताना बायका मन मोकळे करतात. पुरुष पुढे गेलेले असतात आणि धुक्यात कुणाचे तोंड नीट दिसत नाही. अशाच एका चढावर शेजारून चालणाऱ्या वयनीने सांगितले, की बापाच्या मागे भावांनी तिला नोटरीकडे नेले आणि हक्कसोडीवर सही घेतली. माहेर तुटू नये म्हणून तिनेही ती केली. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे आणि लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. आमच्या गोव्याने १९७३ साली शशिकलाताई काकोडकरांच्या रूपाने बाई मुख्यमंत्री पाहिली. एवढे असूनही हक्क सोडणाऱ्या बहिणीला गाव आजही चांगली म्हणते आणि वाटा मागणारीला भांडखोर ठरवते.

देहाचे प्रश्न तर आणखी अबोल आहेत. घाटात आडोसा नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत आणि मग दुपारी चक्कर येऊन बसतात. पाळी आडवी येऊ नये म्हणून कित्येक जणी, डॉक्टरांना न विचारता, ती पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात. जनाबाईसोबत दळायला बसणाऱ्या विठोबाला या गोळ्यांची गरज असेल असे मला वाटत नाही, आणि हे मी आता दिंडीत उघडपणे बोलते. तरुण मुली ऐकतात. त्यांच्या आया मान खाली घालतात, पण उठून जात नाहीत.

पंढरपूरहून परतल्यावर हिशेबाची बैठक होते. मागच्या बैठकीत दिंडीचा जमाखर्च बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या एका बाईकडे सोपवला गेला. त्याला विरोध झाला नाही, कारण तिच्याइतका चोख हिशेब कुणाचाच नसतो. वीणा बाईच्या गळ्यात द्यायची का, यावर मात्र आवाज चढले आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. वीणेकरी बाबा तेवढे म्हणाले, की आपले खांदे आता दुखतात आणि शिकणारी कुणी असेल तर तिने श्रावणात त्यांच्या घरी यावे. दोन मुलींनी नावे दिली आहेत.