वज्री

रविवार, रात्री उशिरा

भाचरांची उद्या सकाळची गाडी, म्हणून एकाच दिवसात दोन्ही उरकलं. सकाळी आंबेगावची शिवसृष्टी, दुपारी केळकर संग्रहालय. आग्र्याहून सुटकेच्या वेळी धाकटा माझा हात सोडेना. अंधार, आवाज, सगळं अंगावर येणारं. मलाही आवडलं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो आणि विसरून गेले.

केळकरमध्ये पोरं कंटाळली, अडकले ती मी. वज्र्यांच्या कपाटापाशी. पितळेची, वर मोर, खाली खरखरीत. आजीची हीच. म्हणजे अशीच, हीच कशी असेल? ती तर मी मार्चमध्ये वाडा सोडताना मोडीत घातली. दोन गंज, समईचा वरचा अर्धा भाग आणि ही. त्या दिवशी दादा काय बोलला... जाऊ दे.

सगळ्याचे मिळून बावीसशे आले. त्यात वज्रीचे किती? शंभर? तराजूत पडताना तिच्या पोटातले खडे वाजले होते, आणि मी टेम्पोवाल्याला फोन लावत होते. शंभर रुपये. एवढी कसली घाई होती मला? माळा होता की नव्या घरातही.

घरी आल्यापासून हेच चाललंय. मग मघाशी भांडी लावताना वाटलं, केळकरांना या वस्तू मिळाल्या कुठून? चष्म्याचं दुकान असलेला माणूस १९२० च्या सुमारापासून जुनं सामान जमवत होता. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि १९६२ मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. पण ते अडकित्ते, दिवे, वज्र्या कुणीतरी घरातून बाहेर काढल्याच ना? तिथलं अख्खं कपाट माझ्यासारख्यांनीच भरलंय. फक्त त्यांच्या दारात केळकर आले, माझ्या दारात तराजूवाला. शिवाय वीस हजारांवर वस्तू, मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. म्हणजे बाकीचं त्यांच्याही माळ्यावरच.

तरी शंभर फारच कमी. निदान वेगळी तोलायला लावायची होती.

धाकट्यानं तिथेच विचारलं होतं, "मावशी, ह्याचं काय करायचे?"

"टाचा घासायचे."

त्यानं वाकून माझ्या टाचांकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही.